हाफ आयर्नमॅन झाली, आता पुढचे पंधरा दिवस काय करायचं?

ट्रेनिंगचे प्लॅन सहा-सहा महिन्यांचे मिळतात, कुठल्या आठवड्यात किती किलोमीटर, कुठल्या दिवशी आराम, सगळं ठरलेलं असतं. पण रेस संपल्यावर काय करायचं हे पहिल्यांदाच करणाऱ्याला फारसं कुणी सांगत नाही, आणि मग मेडल गळ्यात पडल्यावर माणूस एकतर पंधरा दिवस लोळून काढतो नाहीतर चौथ्या दिवशी परत पळायला लागतो आणि गुडघा धरून बसतो. म्हणून हे लिहितोय. उदाहरण गोव्याच्या ७०.३ चं (हाफ आयर्नमॅनलाच ७०.३ म्हणतात, तिन्ही अंतरं मिळून तेवढे मैल होतात) घेतलंय, कारण २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ती मिरामारला पहिल्यांदा झाली तेव्हापासून पुण्या-मुंबई-कोल्हापूरकडच्या कितीतरी लोकांची पहिली मोठी ट्रायथलॉन तीच असते. १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी पळणं. तुम्ही ऑलिंपिक अंतराची केली असेल (१.५, ४० आणि १०) तर खालचे दिवस साधारण निम्मे करा, फुल आयर्नमॅन केली असेल तर दुप्पट धरा, बाकी क्रम तोच.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आधी शरीर, मग आठवण, मग घड्याळातला डेटा आणि सगळ्यात शेवटी पुढची रेस. हा क्रम उलटा केला की घोळ होतो.

फिनिश लाइननंतरचा पहिला तास

लगेच आडवं व्हायचं नाही. कितीही वाटलं तरी दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चालत राहायचं. पळताना पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू रक्त वर ढकलायला मदत करत असतात, तुम्ही एकदम थांबलात की रक्त पायात साठतं, बीपी पडतं आणि चक्कर येते. फिनिशनंतर कोसळणारे बरेच जण याच कारणाने कोसळतात. चक्कर आलीच तर आडवं पडून पाय वर करायचे, आणि मेडिकल टेंटमध्ये जायची लाज बाळगायची नाही, तो त्यासाठीच असतो.

सावलीत जा, ओला ट्रायसूट (पोहणं, सायकल, पळणं तिन्हींसाठी घातलेला एकच सूट) काढा, कोरडे कपडे घाला. नव्या लोकांची फिनिश बऱ्याचदा भर दुपारची असते, त्यामुळे डोक्यावर आणि मानेवर गार पाणी ओता, बर्फ मिळाला तर अजून छान.

आता प्यायचं काय. साधं पाणी घटाघटा लिटर-दोन लिटर पिऊ नका. घामातून पाण्याबरोबर मीठही गेलेलं असतं, साधारण एका लिटर घामात एक ग्रॅमच्या आसपास सोडियम, कुणाचं कमी कुणाचं बरंच जास्त. वरून नुसतं पाणी ओतलं तर रक्तातलं सोडियम अजून पातळ होतं आणि ते खरंच धोकादायक आहे. ओआरएस घ्या, मोठं पाकीट असेल तर एका लिटरला एक, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकायचं नाही. शहाळं उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून जोडीला काहीतरी खारट खा. मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत मिळालं तर त्याच्यासारखं काही नाही. आणि घोट घोट प्या, पोट त्या वेळी नाजूक असतं.

खायची इच्छा नसते, एनर्जी जेलची (रेसमध्ये खायची ती गोड पेस्ट) चव तोंडात बसलेली असते, गोड बघवत नाही. तरी पहिल्या तासाभरात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. केळं, दहीभात, उपमा, जे जाईल ते. दहीभात मला सगळ्यात पटतो. भातातून कार्ब, दह्यातून थोडं प्रोटीन, वरून मीठ, आणि घशाखाली सहज उतरतो.

दुपार ते रात्र

दोन-तीन तासांनी नीट जेवा. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या कार्बचा) साठा पार रिकामा झालेला असतो आणि तो भरायला व्यवस्थित खाल्लं तर साधारण एक दिवस लागतो, स्नायू जास्त फाटले असतील तर अजून जास्त. म्हणून आज कॅलरी मोजायच्या नाहीत. भात, पोळी, बटाटा मनसोक्त, आणि प्रत्येक खाण्यात वीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन जाईल असं बघा, म्हणजे तीन-चार अंडी, किंवा पनीर, किंवा मासे. गोव्यात आहात तर फिश करी राइस आहेच की! शाकाहारी मंडळींनी डाळ-उसळीबरोबर दही-पनीर वाढवावं, नुसत्या वरणभातात तेवढं प्रोटीन होत नाही.

लघवी होतेय का आणि रंग काय आहे हे बघत राहा. फिकट पिवळी झाली की पाण्याचं गणित जमलं.

दोन गोष्टी त्या संध्याकाळी टाळाच. एक म्हणजे वेदनाशामक गोळी. इब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे गोळ्या किडनीवर ताण आणतात, आणि शरीरात पाणी कमी असताना, स्नायू फुटून त्याचा कचरा किडनीकडे जात असताना हा ताण नकोच. दुखणं असह्य असेल तर डॉक्टरला विचारून घ्या, पार्टनरच्या बॅगेतली कुठलीतरी गोळी घेऊ नका. दुसरी म्हणजे दारू. गोव्यात आहे, रेस झालीय, समजू शकतो, पण आधीच पाण्याची ओढ असलेल्या शरीरातून ती अजून पाणी काढते आणि झोपेची वाट लावते. दोन दिवस थांबा, बियर कुठे पळून जात नाही.

आणि हे नीट वाचा. लघवी कोकाकोलासारखी गडद झाली किंवा होतच नसेल, डोकं प्रचंड दुखून उलट्या होत असतील, माणूस असंबद्ध बोलत असेल, छातीत दुखत असेल, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. हे थकवा म्हणून सोडून द्यायचे प्रकार नाहीत. बरोबरच्या माणसालाही ही लक्षणं आधी सांगून ठेवा, कारण गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलोय हे कळत नसतं.

रात्री झोप येणार नाही, घाबरू नका. जेल आणि कोकमधलं कॅफिन, अंगातला स्ट्रेस हार्मोन, सनबर्न, पायांची ठसठस, सगळं मिळून पहिली रात्र कूस बदलण्यातच जाते. दुसऱ्या रात्री भरपाई होते.

झोपायच्या आधीची दहा मिनिटं

हे बहुतेक जण करत नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. घड्याळ सिंक करायच्या आधी, स्ट्राव्हा ॲपवर अपलोड करायच्या आधी, फोनवर एक व्हॉइस नोट रेकॉर्ड करा. पोहायला उतरल्यापासून काय काय झालं ते आठवेल तसं बोलत जा. पहिल्या बॉयपर्यंत (समुद्रात मार्ग दाखवायला तरंगत ठेवलेली खूण) श्वास लागला होता का, कुठे पाय लागला, टी१ मध्ये (पोहून आल्यावर सायकलसाठी तयार व्हायची वेळ, सायकलनंतर पळायच्या तयारीची ती टी२) काय शोधत बसलो, सायकलवर पहिल्यांदा कधी वाटलं की जड जातंय, रनमध्ये पहिल्यांदा कधी चाललो आणि तेव्हा डोक्यात काय चाललं होतं. आकडे नकोत.

का, तर आकडे एकदा बघितले की आठवण त्यांच्याप्रमाणे वाकते. पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) ढासळलेला दिसला की आपण म्हणतो तिथे दमलो होतो. पण कदाचित तिथे तुम्ही दमलाच नव्हता, एड स्टेशनला (रस्त्यातल्या खाण्यापिण्याच्या टेबलाला) मीठ शोधत थांबला होता, किंवा पोट बिघडलं होतं, किंवा ओळखीचा माणूस भेटला म्हणून त्याच्याबरोबर चाललात. घड्याळाला हे माहीत नसतं, आणि आठवड्याने तुम्हालाही आठवणार नाही.

अजून एक छोटं काम. ट्रायसूटच्या खिशातली आणि सायकलच्या बॅगेतली उरलेली जेल, रिकामी रॅपर्स सगळी बाहेर काढून गादीवर मांडा आणि एक फोटो काढा. किती खाल्लं याचा याहून खरा पुरावा नाही. ठरवलेली नऊ जेल आणि गादीवर चार न फोडलेली पडलेली, म्हणजे रनला का ढेपाळलो याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

परतीचा प्रवास आणि सायकल

रविवारी रेस आणि सोमवारी ऑफिस असा प्लॅन करू नका, जमलं तर सोमवार सुट्टी टाका. गोवा ते पुणे गाडीने नऊ-दहा तास सहज जातात, आणि एवढा वेळ पाय दुमडून बसणं हे ताज्या फाटलेल्या स्नायूंसाठी वाईट, रक्ताची गुठळी व्हायच्या दृष्टीनेही वाईट. दर तास-दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटं चाला, आंबोलीला चहाला थांबा, कॉम्प्रेशन सॉक्स असतील तर प्रवासात घाला, पाणी पीत राहा. आणि स्वतः ड्रायव्हिंग करू नका, विशेषतः त्याच रात्री तर नाहीच. दमलेल्या पायाने घाटात ब्रेक दाबायचा असतो हे लक्षात घ्या.

सायकल घरी आल्यावर बॉक्समध्ये तशीच ठेवू नका. तुमचा घाम, इलेक्ट्रोलाइटचे चिकट ओघळ आणि समुद्राची हवा, तिन्ही मिळून लोखंडाचे पार्ट खातात. हँडलबार टेपवर पांढरा मिठाचा थर दिसेल, तसाच थर स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) बोल्टवर आणि हेडसेटमध्येही (हँडल वळतं तिथल्या बेअरिंगमध्ये) असतो, तो दिसत नाही एवढंच. ओल्या फडक्याने फ्रेम पुसा, साध्या पाण्याने हलकं धुवा, प्रेशर मारू नका, चेन पुसून कोरडी करून नवीन ल्यूब लावा. गॉगल, कॅप, ट्रायसूट गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा.

दुसरा दिवस ते पाचवा दिवस

दुखणं रेसच्या दिवशीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं, २४ ते ७२ तासांत ते शिगेला पोचतं आणि मग उतरतं. जिना चढता येतो पण उतरताना कठडा धरून, एकेक पायरी तिरकं होऊन उतरावं लागतं, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि पळण्यामुळे नेमका तोच भाग फाटलेला असतो. हे नॉर्मल आहे. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर काळजी नाही. एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असं टोकदार दुखत असेल तर फिजिओला दाखवा.

या दिवसांत रोज वीस-तीस मिनिटं चालणं, बास. तिसऱ्या दिवसापासून तलावात उतरून आरामात तरंगल्यासारखं पोहलात तर फार बरं वाटतं, अंगावर वजन नसतं आणि पाण्याच्या दाबाने सूज उतरते. पण अंगावर उघड्या जखमा असतील तर क्लोरीनच्या पाण्यात जाऊ नका. काखेत, मानेला, मांड्यांमध्ये ट्रायसूट घासून सोलवटलेलं असतंच, तिथे धुऊन कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. पायाचे फोड स्वतःहून फुटले तर त्यावरची कातडी ओढून काढू नका, तीच आतल्या जखमेचं झाकण आहे. नख काळं पडलं असेल तर ते महिन्या-दोन महिन्यांत आपोआप निघेल.

मसाज हवा असेल तर पहिल्या दोन दिवसांत फक्त हलक्या हाताने. कोपर घालून दाबणारा डीप टिश्यू मसाज नंतर, आधीच फाटलेल्या स्नायूला अजून चेपून काही मिळत नाही. बर्फाच्या पाण्यात बसायचं का असं बरेच जण विचारतात. दुखणं थोडं कमी वाटतं, आवडत असेल तर बसा, नाही बसलात म्हणून रिकव्हरी अडत नाही. अडते ती झोप आणि खाण्यावर, आणि दोन्ही फुकट आहेत.

सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजत जा. नेहमी ५५ असते आणि आज ६३ दाखवतेय, तर शरीर अजून आत कामात आहे, मांड्या दुखायच्या थांबल्या असल्या तरी.

सहावा दिवस ते पंधरावा दिवस

आता सायकल, ती पण सपाट रस्त्यावर, हलक्या गियरमध्ये, ४०-४५ मिनिटं, बोलता येईल इतक्याच जोराने. पोहणं आठवड्यात दोन-तीनदा. पळणं सगळ्यात शेवटी, कारण तिन्हींमध्ये आदळणारा प्रकार तो एकटाच. आठव्या-दहाव्या दिवशी वीस मिनिटं जॉग, मध्ये चालत, आणि दुसऱ्या दिवशी काही दुखलं नाही तरच पुढचा. इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असे सेट), टेकडी, ग्रुप राइडमधली शर्यत हे सगळं दोन आठवडे बंद. हृदय आणि फुप्फुसं आठवड्यात ताजीतवानी होतात म्हणून जोर करावासा वाटतो, पण टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं मागे असतात, त्यांना वेळ लागतो.

याच आठवड्यात मन बसतं. सहा महिने पहाटे साडेचारला गजर वाजत होता, घरचे सगळे वेळापत्रक सांभाळत होते, आणि आता अचानक रिकामं. उदास वाटतं, चिडचिड होते, काही करावंसं वाटत नाही. हे इतक्या जणांना होतं की त्याला तुमचा कमकुवतपणा समजू नका. बरेच जण यावर औषध म्हणून लगेच पुढच्या रेसचं रजिस्ट्रेशन करून टाकतात. ते नका करू. घरच्यांना वेळ द्या, ज्या रविवारी तुम्ही लाँग राइडला होता ते त्यांचे होते. बायको, नवरा, आई, ज्यांनी कुणी तुमचे डबे आणि तुमची झोप सांभाळली त्यांच्याबरोबर कुठेतरी जा. आणि तीन-चार आठवड्यांनीही उदासपणा हटत नसेल तर कुणाशीतरी नीट बोला, डॉक्टरशीसुद्धा.

आता रेसचा हिशोब

आठवडा झाल्यावर, डोकं शांत असताना, व्हॉइस नोट ऐका, रॅपरचा फोटो उघडा आणि मग स्प्लिट (प्रत्येक टप्प्याचा वेगळा वेळ) समोर घ्या. समजा हे आकडे आहेत: पोहणं ५० मिनिटं, टी१ ८ मिनिटं, सायकल ३ तास ३० मिनिटं, टी२ ६ मिनिटं, रन २ तास ४५ मिनिटं. एकूण ७ तास १९ मिनिटं. पहिल्यांदा करणाऱ्याला हे चांगले आकडे आहेत, पण शिकायचं कुठून ते बघू.

पोहण्यात घड्याळ २.१५ किमी दाखवतंय. हात पाण्याखाली गेला की जीपीएस तुटतो त्यामुळे हा आकडा काटेकोर नाही, पण अडीचशे मीटर म्हणजे बरंच. तुमच्याच वेगाने ही जवळजवळ सहा मिनिटं झाली. इथे दम वाढवायची गरज नाही, सरळ पोहायची आहे. दर सहा-आठ स्ट्रोकला मान वर करून बॉय बघायची सवय पूलमध्येच लावता येते.

ट्रान्झिशनची मिळून चौदा मिनिटं. वाळूचे पाय पुसणं, सॉक्स चढवणं, बॅगेत सनस्क्रीन शोधणं यातच जातात ती. घरच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये दहा वेळा प्रॅक्टिस केली तर यातली चार-पाच मिनिटं एक थेंबही घाम न गाळता वाचतात, इतकी स्वस्त मिनिटं अख्ख्या रेसमध्ये दुसरीकडे कुठेच नाहीत.

सायकल इथे खरी गोष्ट सांगते. पहिले ४५ किमी १ तास ३६ मिनिटांत, म्हणजे ताशी २८ चा वेग. पुढचे ४५ किमी १ तास ५४ मिनिटांत, म्हणजे २४ च्या खाली. आता रन बघा, पहिले पाच किमी ६:४५ च्या पेसने आणि शेवटचे पाच ८:४० ने. नवा माणूस इथे म्हणतो की माझं रनिंग कच्चं आहे, आणि पुढचे सहा महिने पळण्यावर मरतो. पण हे रनिंग कच्चं असल्याचं लक्षण नाही, सायकलवर सुरुवातीला मागचे लोक पुढे गेले म्हणून जोर केल्याचं आहे. ट्रायथलॉनमध्ये सायकल जिंकायची नसते, रनसाठी पाय राखून उतरायचं असतं. तुमचा ताज्या पायांचा हाफ मॅरेथॉनचा टाइम २ तास १५ असेल आणि इथे २:४५ लागले, तर ती अर्ध्या तासाची तूट कुठून आली हे शोधायचं. थोडी तर येणारच, पण एवढी आली तर सायकलचा वेग, खाणं आणि ऊन या तिघांपैकी कुणीतरी आहे.

खाण्याचं गणित सोपं आहे. सायकलवर तासाला ६० ग्रॅम कार्ब ठरवले होते तर साडेतीन तासांत २१० ग्रॅम, साधारण २५ ग्रॅमचं एक जेल धरलं तर आठ-नऊ जेल किंवा तेवढंच ड्रिंक, चिक्की, खजूर. फोटोत किती रॅपर आहेत? पाच असतील तर तासाला ३५ ग्रॅमच गेले. का गेले नाहीत, हे व्हॉइस नोटमध्ये असेल, पोट डचमळत होतं की विसरलात की खराब रस्त्यावर हात सोडायची भीती वाटली. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

आणि ऊन. पुण्यात पहाटे साडेपाचला गार हवेत केलेली लाँग रन आणि मिरामारला भर दुपारी दमट हवेत केलेली रन यांचा पेस जुळवून बघणं हा स्वतःवर अन्याय आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, त्यामुळे त्याच पेसला हार्ट रेट दहा-पंधरा ठोक्यांनी वर जातो. उन्हाची सवय शरीराला साधारण दहा-चौदा दिवसांत लागते, पण त्यासाठी उन्हात ट्रेनिंग करावं लागतं, हळू आणि पाणी घेऊन. तुमचा घाम किती जातो तेही मोजा. तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन करा, ७०.० चे ६९.२ झाले आणि मध्ये ३०० मिली प्यायलात, तर तासाला १.१ लिटर. हा आकडा पुढच्या रेसला सोन्यासारखा कामी येतो.

हे सगळं लिहून झालं की एका पानावर तीन ओळी काढा. एक, काय जमलं आणि तसंच ठेवायचं. ही ओळ रिकामी सोडायची नाही, समुद्राला घाबरणारा माणूस १.९ किमी पोहून आला असेल तर ते लिहा, वेळ काहीही असो. दोन, शरीर कमी पडलं असं काय. तीन, डोकं किंवा तयारी कमी पडली असं काय. दुसऱ्या ओळीतल्या गोष्टींना महिने लागतात, तिसरीतल्या बऱ्याचशा चार रविवारी दुरुस्त होतात. साडेआठ तासांच्या कटऑफला (रेस संपवायच्या मुदतीला) मुकलेल्यांनी तर हे नक्कीच करावं, कारण पंधरा मिनिटांनी हुकलेली रेस बऱ्याचदा टी१, टी२ आणि तीन न खाल्लेल्या जेलमध्ये सापडते.

मग तिसऱ्या आठवड्यात पुढची रेस बघा. तोवर सकाळची नाडी जागेवर आलेली असते, जिना सरळ उतरता येत असतो आणि पळायला जावंसं आतून वाटत असतं. या तीनपैकी एक जरी कमी असेल तर अजून एक आठवडा द्या, आणि त्या आठवड्यात पोहायला जा.